डाव्या कानातली पेटी

नागभीड
९ सप्टेंबर २०२४

दानिश,

सलाम. अक्षर पाहूनच फाडशील म्हणून आधीच सांगते, कामाचं पत्र आहे.

पत्ता विक्कीनं दिला. बापूरावच्या नाटकमंडळीत ऑक्टोपॅड वाजवते तोच विक्की. सिरोंच्याले एका लग्नात वाजवाले गेलता, तर मंडपात साउंडच्या टेबलावर तू बसून दिसला म्हणे, तेलुगू गाणे लावत. जाडा झाला म्हणे. माझा नंबर तू बंद करून ठेवला त्याले दोन वर्षं होऊन राह्यले, म्हणून हा कागद. घरी आपण हिंदी बोललो तरी लिहिणं दोघांचं जिल्हा परिषदेच्या शाळेतलं, म्हणून मराठीत लिहिते.

गिरजाबाईनं स्टेज सोडला. सिंदेवाहीले नातीजवळ राह्यते. तीस वर्षं अब्बाच्या पेटीवर गायली, पण तिचे स्वतःचे गाणे कुठीच रेकॉर्डिंगमध्ये भरून ठेवलेले नाईत. पाच भीमगीतं तिनंच रचले आहेत. चौदा ऑक्टोबरले तिच्या मोहल्ल्यातल्या विहारात ते लागले पायजे, एवढंच तिचं म्हणणं. "मंग मेली तरी चालते," असं हसून म्हणते न् चहा मागते.

अब्बानं पेटी पहिल्याच आठवड्यात भरून देली. तिचा मुख्य आवाजही झाला. आता त्याच आवाजावर तिलेच दुसरा आवाज द्यायचा आहे. कोरसले कोणी बोलावू का विचारलं, तर म्हणली, "सोमारी होती जोडीले, ते गेली. आता माही जोडीदारीन मीच."

रेकॉर्डिंगची खोली तशीच आहे, तू लावलेली. भिंतीले कोंड्याचे पोते, त्यावर सतरंज्या. गोंदियाची गाडी येऊन गेली की मधात तासभर शांत मिळते, तेव्हा भरतो.

पहिला बिघाड असा झाला की तिले तिचाच आवाज दोनदा ऐकू येत होता, एक गातानाचा न् एक त्याच्या मागून. ते मी काढलं. माइकची वायर लागते त्या लाल डब्ब्यातून सरळ येते ते ठेवलं, कंप्युटरमधून फिरून येते ते बंद केलं. तेवढं मले येते, हसू नको.

दुसरा बिघाड निघून नाई राह्यला. तू लावून ठेवलं तसंच आहे, पेटी डाव्या कानात न् गळा उजव्या कानात. स्टेजवर अब्बा कायम तिच्या डाव्या हाताले बसाचे, म्हणून तू हेडफोनमध्येही तसंच बसवलं होतं. आता ती डावी बाजू येतच नाई. मी वायर बदलली, पिन बदलली, दुसरा हेडफोन लावला, कंप्युटर बंद करून चालू केला. मंग पेटी वाढवत नेली, तरी ऐकू नाई आली, तसाच हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला. तिनं झटक्यात काढून फेकला. "अवं बाई, कानाचे परदे फाडतं का माह्ये?" मी म्हणलं, बाई, पेटी तर ऐकूच येऊन नाई राह्यली. ती म्हणली, "तूच आयक मंग." मी ऐकलं. डावीकडे काहीच नाई.

काय करू ते लिही. मोठं लिहू नको हवं तर.

अब्बा बरे आहेत. साखर वरखाली होते. खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसतात. तुझं नाव घेत नाईत.

तुझी आपा


नागभीड
२० सप्टेंबर २०२४

दानिश,

तुझं कार्ड आलं. "हेडफोन उलटा घालून पाहा." एवढंच. सलाम नाई, नाव नाई, खाली सही नाई. काय बे, पोष्टाच्या कार्डात एवढी जागा असते, आपा लिहाले दोन अक्षरं लागतात. असो.

उलटा घालून पाहा म्हणजे काय ते मले समजलं. बंद बाजू हेडफोनसोबत फिरली तर बिघाड हेडफोनात. पाहिलं नाई अजून. वेळ नाई भेटला.

त्याऐवजी मी दुसरंच केलं. पेटी न् गळा दोन्ही कानांत सारखं करून देलं, म्हणजे डावं उजवं भानगडच नको. गिरजाबाईनं अर्धं कडवं म्हणलं न् थांबली. "हे नाई चालत. पेटीवाले भाऊ माह्या डोक्यात येऊन बसले. माणूस डोक्यात बसला तर गानार कसं?" मी समजावून पाह्यलं. ती ऐकणारी आहे का! दुसऱ्यांदा गायली तर आवाज खाली उतरला. तिलेही समजलं, मलेही. हेडफोन काढून मांडीवर ठेवला न् त्याच्याकडेच पाहत राह्यली. तिले गाडी पकडायची होती, गेली. पाचातलं एकही झालं नाई.

परवा अब्बासोबत दवाखान्यात गेलती. परतताना रेल्वेच्या फाटकाजवळ अब्बानं माझा हात इतक्या जोरात ओढला का बांगडी फुटली. डाव्या आंगानं ट्रॅक्टर होता. धानाचे पोते भरलेला. मी विचारात होती. घरी येऊन अब्बानं मनगटावर हळद लावाले सांगतली.

विक्की म्हणत होता, दानिश अजून त्या दोन हजार बाविसच्या ऑक्टोबरचं धरून बसला आहे. आपण भरून देलेले ते गाणे बिघडले हे खरं आहे. बापूरावच्या पहिल्या नाटकाले अर्ध्या मंडपात नुसती पेटीच पेटी, गिरजाबाई ऐकूच नाई आली, लोकं ओरडले. अब्बा सगळ्यासमोर तुले बोलले. असं बोलाले नाई पायजे होतं. मी मधात पडाले पायजे होतं, तेही खरं. मी पडली नाई.

चौदा तारखेले आता चोवीस दिवस आहेत.

आपा


नागभीड
२९ सप्टेंबर २०२४

दानिश,

उलटा घालून पाह्यला.

आज रविवार, कोणी नव्हतं. अब्बाची पेटी लावली, एकटी पेटीच, बाकी सप्पा बंद केलं. सरळ घातला, काही नाई. उलटा घातला, पेटी उजव्या कानात आली, साफ, अब्बाच्या भात्याचा आवाजही येत होता. पुन्हा सरळ घातला, काही नाई. चार वेळा केलं. मंग दुसरा हेडफोन घेऊन केलं. तेच.

हेडफोन चांगला आहे. वायर चांगली आहे. डब्बा चांगला आहे. माझा डावा कान गेला आहे.

आज समजलं.

मले वाटलं होतं का रडू येईन, नाई आलं. खिचडी लावली होती, ती पाहाले गेली. करपली नव्हती.

आता पेटी तिच्या कानात किती ठेवायची हे मले समजणार नाई, एवढं पक्कं झालं. दुसऱ्या कोणाले बोलावणं आलं. इथी कोण आहे? तुले ये म्हणाले माझं तोंड नाई.

आपा


नागभीड
२ ऑक्टोबर २०२४

दानिश,

रविवारचं पत्र खोटं होतं. कान गेला ते खरं, आज समजलं ते खोटं. पहिलं पत्रही अर्धं खोटंच. बिघाड काय आहे ते मले नऊ सप्टेंबरलेही माहीत होतं. मी तुले विचारलं, कारण विचारल्याशिवाय तू काही लिहिणार नव्हता.

जुलै दोन हजार बावीस. बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठली तर डावा कान बंद. आंघोळीचं पाणी गेलं असेन म्हणून तेल टाकलं. आठ दिवस तेल टाकत राह्यली. पंधराव्या दिवशी चंद्रपूरले गेली. तुम्हाले सांगतलं का सलवारचं कापड आणाले चालली. डॉक्टरनं एका बंद खोलीत बसवून कानात बारीक बारीक आवाज देले, ऐकू आलं का हात वर करा म्हणला. डाव्याच्या वेळेस मी हात वर केलाच नाई. तो म्हणला, पहिल्या आठवड्यात आल्या असत्या तर गोळ्यांनी काही परत आलं असतं. कापड मात्र आणलं मी, हिरवं. तू म्हणला होता, चांगलं आहे.

त्यानंतर मी पडद्यावरच्या पट्ट्या पाहून काम करू लागली. आवाज वर गेला का पट्टी वर जाते, तेवढं पाह्यचं न् मान डोलवायची. कोणाले समजलं नाई. हेडफोनचा आवाज मात्र पट्टीत दिसत नाई, तो डब्ब्याच्या बटनावर असते न् कानानंच लावा लागते. तो तू लावाचा. तू असेपर्यंत निभलं.

आता ऑक्टोबरचं. त्या दिवशी तू सिंदेवाहीले गेलता. गाणे तू पूर्ण करून ठेवले होते, मले फक्त पेनड्राइव्हमध्ये टाकून द्यायचे होते. बापूरावचा माणूस दारात उभा, गाडी चालू ठेवून. मी म्हणलं एकदा ऐकून घेऊ. पेटी तू जराशी डावीकडे ठेवली होती, तुझी रीतच ती. मले ती कुठं ऐकू येते? वर केली. अजून वर केली. पट्ट्या पाह्यल्या नाईत. कान गेला हे माहीत असून कानावरच भरोसा ठेवला, वीस वर्षांची सवय. पेनड्राइव्ह देऊन टाकला.

बापूराव आंगणात येऊन ते गाणं लावून दाखवत होता तेव्हा पहिल्या ओळीलेच मले समजलं. तू म्हणला, "आपा, मी गेलो तेव्हा बरोबर होतं." तू माझ्यावर नाव नव्हतं टाकलं, नुसतं विचारत होता. मी म्हणलं, "मी हात नाई लावला."

न् अब्बा बापूरावले म्हणले, "माह्या पोराले कान नाई."

पेटीवाल्याच्या घरात यापेक्षा मोठी शिवी नाई. विक्की होता, गिरजाबाई होती, दोन शेजारी होते. तू चप्पल घातली न् बॅग घ्यायले पुन्हा आत आला तेव्हा चप्पल दारात काढली, हे मले काऊन आठवते माहीत नाई.

मी तलाक होऊन परत आलेली, पस्तिशीले टेकलेली, हातात एवढंच काम. बहिऱ्या बाईकडे आवाज भराले कोण येईन, एवढंच त्या वेळेस डोक्यात होतं. कारण सांगून राह्यली, माफी मागून नाई राह्यली. माफी मागायची तर ती समोर मागावी.

काल बापूरावले फोन करून सप्पा सांगतलं. तो म्हणला, "असं का. बरं झालं सांगतलं." मंग म्हणला, यंदाचे गाणे आम्ही वडशालेच भरून घेतो. मी हो म्हणलं. विक्कीलेही सांगतलं, म्हणजे सिरोंच्यापर्यंत सगळ्या मंडपात ते पोचलंच समज.

अब्बाले सांगायचं राह्यलं आहे. खुर्ची दारातच असते. रोज तीन वेळा बाजूनं जाते.

निशात


नागभीड
९ ऑक्टोबर २०२४

दानिश,

गिरजाबाईचे पाचही झाले. कसे झाले ते लिहिते.

सोमवारी ती आली. मी आधीच सांगून टाकलं, "बाई, माझा डावा कान गेला आहे. पेटी तुमच्या कानात किती ठेवू मले समजत नाई. तुम्ही हातानं सांगा, वर का खाली." तिनं माझ्याकडे पाह्यलं. "पोरी, तेव्हाचं गानंबी तूच बिघडवलं का?" मी हो म्हणलं. ती म्हणली, "बाप्पा! त्या लेकराले उगाच बोलनं बसले." न् माइकसमोर जाऊन उभी झाली. रागावली का नाई ते समजलं नाई. हातानं सांगायचं तिले जमलं नाई. ती डोळे मिटून गाते, हात तिचा कानावर जाते, मले सांगणार कधी?

अब्बा दारात बसले होते. उठले. मले न विचारता माझ्या हातून हेडफोन घेतला, एकच बाजू आपल्या डाव्या कानाले लावली न् डब्ब्याचं बटन फिरवलं. त्यायची बोटं तशीच आहेत, पेटीवर फिरतात तशी. दोनदा फिरवून एका जागी थांबले. मंग तो हेडफोन गिरजाबाईच्या डोक्यावर स्वतः ठेवला. ती म्हणली, "हां. आता बसले भाऊ जागेवर."

दोन गाड्यांच्या मधात तीन गाणे झाले, संध्याकाळच्या गाडीनंतर दोन. स्वतःच्या आवाजावर ती अशी चढली का माझ्या एका कानालेही समजलं. पट्ट्या पाहाची गरज नाई पडली. जाताना तिनं अब्बाले वाकून जयभीम केला, अब्बानं तिले. मले काही म्हणली नाई. काल अब्बानं एकेक गाणं ऐकून पक्कं केलं, आज विक्की पेनड्राइव्ह घेऊन सिंदेवाहीले गेला. चौदा तारखेले लागतीन.

आता दुसरं.

ती गेल्यावर मी अब्बाले म्हणलं, अब्बा, मले तुम्हाले काही सांगायचं आहे. ते म्हणले, "मालूम है." मी म्हणलं, काय मालूम आहे? ते म्हणले, कान. दोन वर्षांपासून ते माझ्या उजव्या हाताले बसून जेवतात. रस्त्यानं डाव्या आंगानं चालतात. माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. मले वाटाचं, म्हातारपणाची लहर असेन.

मी विचारलं, केव्हापासून माहीत आहे? त्यायनं सांगतलं, त्या ईदपासूनच. डाव्या बाजूनं हाक मारली तर मी पाहतच नव्हती म्हणे.

मी म्हणलं, मंग बापूराव आला तेव्हा?

ते म्हणले, "तब भी."

पेटी कोणी वर केली ते त्यायनं गाणं ऐकताच ओळखलं होतं. तुझा हात असा नाई हे त्यायले माहीत होतं. तरी तुलेच बोलले. मी काऊन म्हणून विचारलं, तर मान खाली घालून म्हणले, "लड़का है, कहीं भी कमा के खा लेगा. तुझकू कौन रखता?"

दानिश, मले राग याले पायजे होता. नाई आला. उपकार वाटाले पायजे होते, तेही नाई वाटले. मी त्यायच्या साखरेची गोळी काढून देली, पाण्याचा गिलास देला, न् आत जाऊन सतरंज्या झटकल्या. दोन दिवस झाले, तसंच आहे. आत काही हलतच नाई. मी एकटीनं तुझं नुकसान केलं असं दोन वर्षं समजत होती. ते माझं एकटीचं नव्हतं, एवढंच नवीन आहे. त्यानं माझं कमी होत नाई.

तुले कान आहे. तुझ्याएवढा कान या घरात कोणाले नाई, न् हे घरातल्या दोघांलेही पहिल्यापासून माहीत होतं. तुलेच फक्त सांगतलं नाई.

येतो का नाई ते विचारत नाई.

निशात


९ ऑक्टोबर, दुपार

वरचं पत्र सकाळी लिहून झालं. पाकीट चिकटवत होती तर अब्बानं दारातून विचारलं, "दानिशले लिहून राह्यली?" दोन वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं. मी हो म्हणलं.

"काय लिहिलं?"

"सगळं."

"माझंही?"

"हो."

मंग म्हणले, "आता नाई येनार तो." ते उठले, टोपी घातली, काठी घेतली न् हात पुढं केला. "दे, पोष्टात मी टाकतो."

मी देलं. नाई कसं म्हणू, बाप आहे. अर्ध्या तासानं परत आले. हातात पाकीट नव्हतं. मी विचारलं नाई, त्यायनं सांगतलं नाई. खुर्चीवर बसले न् चहा मागतला.

म्हणून मी आता आत बसून तेच पत्र पुन्हा लिहून काढलं. शब्दाले शब्द तेच आहे, हा शेवटचा भाग सोडून. हे मी स्वतः स्टेशनवरच्या डब्ब्यात टाकून येणार. पहिलं त्यायनं टाकलं असेन तर तुले दोन पत्रं मिळतीन. टाकलं नसेन तर हे एकच.

किती मिळाले ते मले कळवू नको.

निशात